‘मला प्रभू भेटला’ हा पुरावा होतो का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कॉलेजातली एक मैत्रीण काही महिन्यांपासून प्रार्थनासभेला जाते. एका रात्री प्रार्थना करताना येशू आपल्याजवळ उभा आहे असं तिला अगदी स्पष्ट जाणवलं, आणि तेव्हापासून मनातली जुनी भीती गेली, असं ती सांगते. प्रश्न विचारणारे स्वतः विवेकवादी आहेत. त्यांनी तिला सांगितलं, ‘हा मेंदूचा खेळ आहे.’ तिने उलट विचारलं, ‘तू तिथे नव्हतास, मग खोटं कशावरून म्हणतोस?’ पुढे बोलणं खुंटलं. अशा वैयक्तिक अनुभवाला पुरावा म्हणायचं की नाही, हे त्यांना समजून घ्यायचं आहे.

धर्माचं तत्त्वज्ञान शिकवताना हा वाद मी वर्गात ऐकत आलो आहे, आणि वर्गाबाहेर ख्रिस्ती आणि निरीश्वरवादी मित्रांना समोरासमोर बसवूनही ऐकला आहे. माझं मत आधीच सांगतो. तो अनुभव पुरावा आहे. मात्र तिच्यासाठी त्याचं जेवढं वजन आहे तेवढं तुमच्यासाठी नाही. आणि तिच्यासाठीसुद्धा तो तिला वाटतं त्यापेक्षा बऱ्याच लहान गोष्टीचा पुरावा आहे.

एक खरं उदाहरण घेऊ, कारण हवेत बोललं की दोन्ही बाजू आपापल्या सोयीचा अनुभव डोळ्यांपुढे ठेवतात. साधू सुंदरसिंग यांचा जन्म १८८९ सालचा, पंजाबातल्या रामपूर गावच्या शीख घरातला. आई लहानपणीच गेली. शिक्षण मिशनच्या शाळेत, आणि तिथे शिकवल्या जाणाऱ्या बायबलचा त्यांना मनस्वी राग. डिसेंबर १९०४ मध्ये त्यांनी शुभवर्तमानाची प्रत जाळली. नंतरच्या दिवसांत मनाची इतकी तगमग झाली, की एका पहाटे त्यांनी ठरवलं: देव असेल तर त्याने मार्ग दाखवावा, नाही तर पहाटेच्या गाडीखाली जीव द्यायचा. प्रार्थना करताना खोली उजेडाने भरली. आधी त्यांना आग लागल्यासारखं वाटलं. मग त्या उजेडात ख्रिस्त दिसला आणि ‘किती दिवस माझा छळ करणार?’ असे शब्द ऐकू आले. आपण हिंदू देवाच्या दर्शनाची वाट पाहत होतो, ख्रिस्ताची नव्हे, असं ते पुढे सांगत. १९०५ साली सिमल्याला त्यांचा बाप्तिस्मा झाला. घर सुटलं, अंगावर भगवी वस्त्रं आली, आणि उरलेलं आयुष्य फिरस्तीत गेलं. १९२९ साली ते तिबेटकडे निघाले ते परतलेच नाहीत.

१९२० आणि १९२२ च्या युरोप दौऱ्यांत त्यांना ऐकायला गर्दी लोटली, आणि पाठोपाठ तिथे त्यांच्यावर मोठा वाद पेटला. मारबुर्गचे धर्माभ्यासक फ्रीडरिख हायलर त्यांच्या बाजूने उभे राहिले. विरोधात झुरिकचे ऑस्कर फिस्टर होते. ते स्वतः पाळक आणि मनोविश्लेषक, शिवाय फ्रॉइडचे स्नेही. जेझुइट या कॅथलिक संघाचे काही पंडितही विरोधात होते. म्हणजे संशय घेणारे सगळे नास्तिक नव्हते. यातले बरेचसे ख्रिस्तीच होते, ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे ती उपयोगी पडेल.

संशय घेणाऱ्यांची बाजू सहज समजण्यासारखी आहे. आईचा मृत्यू, ग्रंथ जाळल्याची बोचणी, झोपेविना गेलेली रात्र, मरणाचा निर्धार. आणि ऐकू आलेले शब्द तर बायबलमध्ये दमास्कसच्या वाटेवर ख्रिस्ती लोकांच्या छळकर्त्या शौलाला (पुढे तोच प्रेषित पौल झाला) ऐकू आलेल्या शब्दांशी जुळणारे. मिशन शाळेतल्या मुलाला ती कथा ठाऊक असणारच. पाठीराखेही गप्प नव्हते: नको असलेलं दर्शन मन कशाला घडवेल? घरदार, मान, सुरक्षितता सगळं सोडून या माणसाने मिळवलं काय?

मला यात महत्त्वाचं वाटतं ते असं, की त्या पहाटे सुंदरसिंगांना काय दिसलं यावर खरं तर भांडण नाहीच. त्यांना खोटं ठरवल्याशिवायही संशय घेता येतो, आणि त्यांना प्रामाणिक मानलं म्हणून ख्रिस्त खरोखर खोलीत आला होता असंही ठरत नाही. प्रामाणिकपणाने ‘मला असं दिसलं’ एवढं सिद्ध होतं. ते कशामुळे दिसलं, हा पुढचा प्रश्न त्याने सुटत नाही. तुमची मैत्रीण ‘तू तिथे नव्हतास’ म्हणते तेव्हा ती पहिल्या प्रश्नाबद्दल बोलत असते, आणि तिथे तिचं म्हणणं निर्विवाद आहे. तुम्ही बोलत असता ते दुसऱ्याबद्दल. आणि दुसऱ्या प्रश्नात तिथे हजर असलेल्यालाही फारसा जादा अधिकार मिळत नाही. खोलीत कोण होतं हे जाणवलं तिला, पण त्या जाणिवेचं कारण तिलाही बाकीच्या गोष्टींवरूनच ताडावं लागतं.

सुंदरसिंगांनी दुसऱ्या प्रकारच्याही गोष्टी सांगितल्या होत्या. तिबेटात आपल्याला प्रेतांनी भरलेल्या कोरड्या विहिरीत टाकून वरून झाकणाला कुलूप लावलं, आणि काही दिवसांनी एका अनोळखी माणसाने दोर सोडून बाहेर काढलं. कैलासावर शेकडो वर्षं वयाचे एक ख्रिस्ती महर्षी भेटले. वादात खरी धार आली ती इथे, कारण विहिरीला जागा असते, झाकणाला किल्ली असते, गावात माणसं असतात. त्या विहिरीच्या प्रसंगाला त्यांच्याशिवाय दुसरा साक्षीदार पुढे आला नाही. पहाटेच्या दर्शनाबद्दल दुसरा साक्षीदार मागणं वेडेपणाचं ठरेल. विहिरीबद्दल मात्र तो मागायलाच हवा. एकाच तोंडून आलेल्या दोन गोष्टींना आपण दोन वेगळी मापं लावतो आणि त्यात काही चूक नाही. साक्ष देणारा माणूस थोर आहे म्हणून त्याचं सगळंच बोलणं एका वजनाचं होत नाही.

आता ‘मेंदूचा खेळ’ या उत्तराकडे येतो. हे उत्तर दिसतं तेवढं बळकट नाही. मी समोरचं झाड पाहतो तेव्हाही मेंदूत काहीतरी घडतच असतं. म्हणून झाड नाही असं कोणी म्हणत नाही. मायकेल पर्सिंजर या कॅनडातल्या संशोधकांनी शिरस्त्राणातून क्षीण चुंबकीय क्षेत्र सोडून ‘कोणीतरी जवळ आहे’ ही जाणीव निर्माण केल्याचा दावा केला होता, आणि विवेकवादी मंडळी तो अजूनही उत्साहाने सांगतात. स्वीडनमधल्या पेर ग्रँक्विस्ट आणि सहकाऱ्यांनी २००५ साली तोच प्रयोग असा केला, की यंत्र चालू आहे की बंद हे प्रयोग घेणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. परिणाम चुंबकाशी जुळला नाही. तो जुळला व्यक्तीच्या सूचनाग्राही स्वभावाशी. ज्यांना पुराव्याची चाड आहे त्यांनी हा दावा मिरवणं थांबवावं.

दुसरा प्रयोग मात्र मला जास्त विचार करायला लावतो. १९६२ च्या शुभ शुक्रवारी (गुड फ्रायडेला) बोस्टनच्या मार्श चॅपलमध्ये वॉल्टर पान्के यांनी ईशज्ञानाच्या (ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या) वीस विद्यार्थ्यांपैकी निम्म्यांना सायलोसायबिन हे जाणीव बदलणारं औषध आणि निम्म्यांना निव्वळ अंग तापवणारं एक जीवनसत्त्व दिलं. वरच्या मजल्यावर उपासना चालू होती, आणि हे सगळे खाली तळघरात बसून ती ऐकत होते. औषध घेतलेल्यांपैकी बहुतेकांना खोल गूढानुभव आले. दुसऱ्या गटाला तसे जवळजवळ आलेच नाहीत. पंचवीस-एक वर्षांनी त्यातल्या जे सापडले त्यांना विचारलं, तेव्हाही औषध घेतलेल्यांनी तो अनुभव आयुष्यातला मोलाचा म्हणून सांगितला. यावरून देव नाही असं निघत नाही. रसायन हे देवाने उघडलेलं दार आहे, असं म्हणणारा श्रद्धाळू तर्काच्या बाहेर नाही. पण पुराव्याला विचारायचा मूळ प्रश्न असतो तो असा: देव नसता तर हा अनुभव आला असता का? उत्तर ‘आला असता, आणि त्याची रीतही थोडीफार ठाऊक आहे’ असं असेल, तर अनुभव खोटा ठरत नाही, पण तो दोन शक्यतांमध्ये निवड करून देण्याइतका उपयोगीही राहत नाही.

ख्रिस्ती बाजूचं सर्वांत चांगलं उत्तर पुढे ऑक्सफर्डला प्राध्यापक झालेल्या रिचर्ड स्विनबर्न यांनी १९७९ मध्ये मांडलं. त्यांचं म्हणणं असं: एखादी गोष्ट तशी दिसत असेल, तर ती तशी आहे असं मानूनच चालावं, जोवर उलट मानायला खास कारण मिळत नाही. रोजच्या जगण्यात आपण हेच करतो. खिडकीबाहेर पाऊस दिसला की आधी डोळ्यांची तपासणी करत नाही. मग देवाची उपस्थिती जाणवली तर तिलाच सुरुवातीपासून आरोपीच्या पिंजऱ्यात का उभं करायचं? मला हा मुद्दा प्रामाणिक वाटतो, आणि विवेकवाद्यांनी तो झटकून टाकू नये. निरीश्वरवादी तत्त्वज्ञ मायकेल मार्टिन यांनी त्यावर उलट नियम सुचवला: मग देव नाही असं ज्याला जाणवतं, त्याचंही तसंच मानून चाला. स्विनबर्न यांच्या बाजूने उत्तर असं, की खोलीत खुर्ची नाही हे मी म्हणू शकतो, कारण असती तर ती कशी दिसली असती हे मला ठाऊक आहे. देव असता तर तो मला आज, इथे, जाणवलाच असता, हे मला कुठे ठाऊक आहे?

उत्तर चतुर आहे. पण त्यातच अडचण दडलेली आहे. तो केव्हा जाणवावा आणि केव्हा जाणवू नये हे कोणालाच सांगता येत नसेल, तर जाणवल्याचंही वजन कमी होतं. खुर्चीच्या बाबतीत ‘आहे’ आणि ‘नाही’ दोन्ही तपासता येतात, म्हणूनच ‘आहे’ला किंमत असते.

खरी अवघड जागा वेगळीच आहे, आणि ती नास्तिकांनी दाखवलेली नाही. ती धार्मिक माणसांनीच एकमेकांना दाखवली आहे. मॉर्मन या अमेरिकेत उगम पावलेल्या पंथाचे प्रचारक त्यांचा ग्रंथ हातात देऊन सांगतात, मनापासून प्रार्थना करून विचारा, पवित्र आत्मा तुम्हाला तो खरा असल्याचं कळवेल. लक्षावधी लोक सांगतात की कळवलं, छातीत ऊब दाटून आली. बहुतेक इतर ख्रिस्ती हे मान्य करत नाहीत. ते म्हणतात, भावना म्हणजे पुरावा नव्हे, इतिहास तपासा, ग्रंथ ताडून पाहा. अगदी बरोबर म्हणतात. मात्र तोच निकष आपल्या प्रार्थनासभेतल्या उबेला लावायला त्यांच्यापैकी थोडेच तयार होतात.

आपल्याकडे हा प्रश्न आणखी जवळून दिसतो. तुकोबांनी स्वतःच्या अभंगांत सांगितलं आहे, की बाबाजींनी स्वप्नात येऊन ‘रामकृष्ण हरि’ हा मंत्र दिला, आणि नामदेवांनी पांडुरंगासह स्वप्नात जागं करून कवित्वाचं काम सोपवलं. या अनुभवाने जे घडलं ते साऱ्या महाराष्ट्रापुढे आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ साली मुंबईत ख्रिस्ती झाले, आणि आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं म्हणत राहिले. टिळकांना तुकोबांचा अनुभव नाकारावासा वाटला नाही, हे मला त्यांचं मोठेपण वाटतं. पण तत्त्वज्ञानाचा प्रश्न शिल्लक राहतोच. स्वप्नातला पांडुरंग आणि सुंदरसिंगांच्या खोलीतला ख्रिस्त, दोन्ही अनुभव तेवढेच उत्कट, दोन्ही माणसं तेवढीच निर्मळ. यातला एक खरा आणि दुसरा भ्रम म्हणायचं असेल, तर ती निवड अनुभवाने केलेली नसते. ती दुसऱ्या कशानेतरी केलेली असते. आणि दोन्ही खरे म्हणायचे असतील, तर अनुभव ज्याचा पुरावा देतात ती गोष्ट दोघांना समान असलेलीच असणार: काहीतरी पवित्र, कृपाळू, आपल्याहून मोठं. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांचं त्रैक्य, वधस्तंभावरचं प्रायश्चित्त, पुनरुत्थान यांतलं काहीही त्या समान भागात येत नाही. तुमच्या मैत्रिणीचा अनुभव ती समजते त्यापेक्षा लहान गोष्टीचा पुरावा आहे, असं मी वर म्हटलं ते याच अर्थाने.

अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम ऑल्स्टन यांनी १९९१ मध्ये यावर असा मार्ग काढला, की प्रत्येक परंपरेला स्वतःची पारखण्याची पद्धत असते आणि त्या पद्धतीत राहून विश्वास ठेवणं अविवेकी नाही. ख्रिस्ती माणसाने ख्रिस्ती राहणं अविवेकी नाही, इतपत मला हे पटतं. पण मग वारकऱ्यानेही वारकरी राहणं तेवढंच विवेकी ठरतं, आणि ‘माझा अनुभव बघ आणि तू बदल’ असं कोणीच कोणाला सांगू शकत नाही. प्रार्थनासभेतली साक्ष नेमकं हेच सांगायला दिली जाते. स्वतःला मिळालेला आधार आणि दुसऱ्यावर टाकलेलं कर्तव्य यांत मोठं अंतर आहे. इंग्रज तत्त्वज्ञ टॉमस हॉब्ज यांनी १६५१ सालीच लिहून ठेवलं होतं, की देव स्वप्नात माझ्याशी बोलला असं म्हणणं हे देव माझ्याशी बोलल्याचं स्वप्न पडलं असं म्हणण्यापलीकडे जात नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स एडिंबराच्या व्याख्यानांत याच निष्कर्षाला आले, फक्त त्यांचा सूर कितीतरी मऊ होता. ज्याला अनुभव आला त्याच्यावर त्याचा अधिकार चालतो आणि चालावा, इतरांवर तो मान्य करण्याचं बंधन नाही, आणि तरीही अशा अनुभवांमुळे आपली रोजची जाणीव हीच एकमेव जाणीव आहे हा हट्ट धरता येत नाही. १९०२ मध्ये छापलेला हा निर्णय मला आजही सर्वांत न्याय्य वाटतो.

आणि ख्रिस्ती मित्रांना मी कळकळीने एक सांगतो. अनुभव पारखून घ्या, हे नास्तिकांनी तुमच्यावर लादलेलं नाही. ती तुमच्या घरची शिस्त आहे. प्रत्येक आत्म्यावर विश्वास ठेवू नका, त्यांची परीक्षा करा, असं योहानाच्या पहिल्या पत्रात आहे. जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला बजावतात, की सांत्वन खरोखर देवाकडून आलं असलं तरी तो क्षण आणि त्यानंतरचा काळ वेगळे ओळखा, कारण नंतरच्या काळात माणूस आपलेच विचार त्यात मिसळतो. स्पॅनिश संत क्रुसाचे योहान तर दर्शनांना धरून बसूच नका म्हणतात, ती खरी असली तरी.

अमेरिकेतल्या नॉर्थॅम्प्टन गावात १७३४-३५ साली धर्मोपदेशक जॉनथन एडवर्ड्स यांच्या मंडळीत मोठं पुनरुज्जीवन, म्हणजे श्रद्धेची लाट, आलं. गावच्या गाव रडत, गात, बदलत होतं. १७३५ च्या जूनमध्ये एडवर्ड्स यांच्याच एका नातलगाने खोल विषादात आत्महत्या केली. त्यानंतर इतर अनेकांना आतून कोणीतरी ‘तूही तसंच कर’ म्हणतंय असं जाणवू लागलं. त्यांत ज्यांना आधी विषाद नव्हता असेही होते. हे स्वतः एडवर्ड्स यांनीच लिहून ठेवलं आहे. तीच माणसं, तोच काळ, आतून येणारा तसाच ठाम आवाज. पुढे १७४६ मध्ये त्यांनी खऱ्या धर्मभावनेच्या खुणांवर लिहिलं, तेव्हा भावनेची तीव्रता, अंगाला सुटलेला कंप, अचानक आठवलेलं वचन या गोष्टी ना बाजूच्या, ना विरोधातल्या, असं ते मांडू शकले. शेवटची खूण त्यांनी धरली ती आचरणाची, तीही दीर्घकाळच्या.

आचरणाचा मुद्दा तुमची मैत्रीण मांडतेच आहे: भीती गेली. या बदलाला मी खूप मान देतो, आणि तुम्हीही द्या. तो खोटा नाही. पण जीवन बदललं यावरून विश्वास हितकारक होता एवढं समजतं, तो खरा होता हे नाही. विपश्यनेने, नामस्मरणाने, चांगल्या समुपदेशकाने, व्यसनमुक्ती गटाने माणसं बदलतात. स्टॅनफर्डच्या मानवशास्त्रज्ञ तान्या लुहरमन यांनी अमेरिकेतल्या व्हिनयार्ड नावाच्या ख्रिस्ती मंडळींमध्ये वर्षानुवर्षं राहून दाखवलं, की देवाचा आवाज ऐकणं लोक सरावाने शिकतात, आणि ज्यांना कल्पनेत बुडून जाता येतं त्यांना ते लवकर जमतं. श्रद्धाळू यावर म्हणतो, एक्स-रे वाचायलाही शिकावंच लागतं, म्हणून हाड मोडलेलं नसतं का? खरं आहे. मात्र तिथे दुसरा डॉक्टर स्वतंत्रपणे तेच वाचतो, आणि शस्त्रक्रियेत हाड उघड्यावर दिसतं. प्रार्थनेतल्या ऐकण्याला असा दुसरा रस्ता लागतो का, हे शोधायला हवं. पौलाने करिंथकरांना लिहिताना हा रस्ता धरला होता. आपल्याला झालेल्या दर्शनाच्या आधी त्याने पुनरुत्थित येशू दिसलेल्या पाचशेहून अधिक बंधूंचा उल्लेख केला आणि त्यांतले बहुतेक अजून हयात आहेत असं जोडलं, म्हणजे जा आणि विचारा. त्या साक्षीचं मोल किती यावर अभ्यासकांचा वाद आहे, पण निदान तो वाद बाहेरच्या जगात उतरलेला आहे.

एक उदाहरण तुमच्या बाजूचंही. ब्रिटिश तत्त्वज्ञ ए. जे. एअर यांनी १९३६ मध्ये ठणकावून लिहिलं होतं, की गूढवादी आपल्याला जगाबद्दल काही सांगत नाही, स्वतःच्या मनाची अवस्था सांगतो. १९८८ साली घास अडकून त्यांचं हृदय चार मिनिटं बंद पडलं. शुद्धीवर आल्यावर त्यांनी विश्वावर ताबा असलेल्या एका प्रखर लाल प्रकाशाचं वर्णन केलं. ही आठवण अत्यंत ठळक आहे, असं लिहिलंही. ते निरीश्वरवादीच राहिले. मरणानंतर काही नाही हे मत बदललं नाही, त्या मताबद्दलचा ताठरपणा मात्र थोडा सैल झाला, असा खुलासा त्यांनी पुढे केला. तो प्रकाश एअर यांच्याऐवजी मिशन शाळेत बायबल शिकलेल्या, आईविना पोरक्या मुलाला दिसला असता तर त्याला काय नाव मिळालं असतं, हा प्रश्न मी विद्यार्थ्यांना विचारतो. आणि लगेच उलटही विचारतो: असा अनुभव आल्यावरही आपलं मत जराही हलू द्यायचं नाही, असं आधीच ठरवून बसलेला माणूस पुराव्याबद्दल बोलायला कितपत लायक आहे?

तेव्हा मैत्रिणीशी पुन्हा बोलाल तेव्हा ‘मेंदूचा खेळ’पासून सुरुवात करू नका. आधी तिला पूर्ण सांगू द्या: काय जाणवलं, किती वेळ, त्या आठवड्यात काय चाललं होतं, येशूच आहे हे तेव्हाच कळलं की सभेत सांगताना. शेवटचा प्रश्न बहुतेकांनी स्वतःलाही कधी विचारलेला नसतो. मग विचारा, काय घडलं असतं तर तो प्रभू नव्हता असं तुला वाटलं असतं. तिने तुम्हाला विचारावं, काय घडलं तर तो होता असं तू मानशील. दोघांनीही ‘काहीच नाही’ असं उत्तर दिलं, तर पुराव्यावरचा वाद तिथेच थांबवा, आणि तिला कशाची भीती वाटत होती ते विचारा.